आठवीच्या पटावरची मुले दहावीच्या बाकावर का दिसत नाहीत? : ठाणे जिल्हा परिषदेला खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी आणि मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक),
ठाणे जिल्हा परिषद;
तसेच ठाणे जिल्हा नियोजन समितीचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय : मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याण व अंबरनाथ तालुक्यांच्या ग्रामीण भागातील नववी-दहावी, तिचा निकाल आणि तिच्यासाठीचा पैसा

महोदय,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की दोन दिवसांत आमच्या नाक्यावर फ्लेक्स चढतात. ‘शंभर टक्के निकालाची परंपरा कायम’. खाली अध्यक्षांचा फोटो मोठा, पहिल्या आलेल्या मुलीचा लहान. २०२५ च्या मार्च परीक्षेत राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला आणि आपला जिल्हा ज्या वाशीच्या विभागीय मंडळाखाली येतो, त्या मुंबई विभागाचा ९५.८४ टक्के. हे आकडे समोर ठेवून बोलायला बसले तर ग्रामीण हायस्कुलांचा काही प्रश्न आहे हे कुणाला पटायचेच नाही.

ज्या मुलांनी अभ्यास करून हे गुण मिळवले त्यांच्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. माझे म्हणणे त्या टक्क्याच्या छेदाबद्दल आहे. छेदात असतात ती परीक्षेला बसलेली मुले. दोन वर्षांपूर्वी आठवीच्या पटावर होती आणि मार्चमध्ये बाकावर नव्हती, ती वरही नसतात आणि खालीही नसतात. ती कुठे गेली हे विचारायला मी हे पत्र लिहितो आहे.

मी शिक्षणतज्ज्ञ नाही. मुरबाड-शहापूरच्या पट्ट्यातल्या एका बाजारगावात माझे झेरॉक्सचे आणि ऑनलाइन फॉर्म भरायचे दुकान आहे. समोरच हायस्कूल. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, शिष्यवृत्तीचा अर्ज, शाळा सोडल्याचा दाखला, सगळे कागद माझ्या काचेवरून जातात. कुठले मूल टिकणार आणि कुठले सुटणार, याचा अंदाज कागदांवरूनही येतो, आणि कधीकधी वर्गशिक्षकाच्या आधी येतो.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. तो सहा ते चौदा वयापुरता, म्हणजे आठवीपर्यंत. पुस्तके फुकट आठवीपर्यंत. गणवेश आठवीपर्यंत. दुपारची खिचडी आठवीपर्यंत. एप्रिलपर्यंत ज्या मुलाला शाळेत जेवण मिळत होते, त्याच मुलाला जूनमध्ये नववीत डबा न्यावा लागतो, पुस्तकांचा संच विकत घ्यावा लागतो, वह्या, कंपास, प्रयोगवही, शिवाय गाइड, कारण शिकवायला सर नसतील तर गाइडच सर. आणि जून म्हणजे घरात पैसा नसण्याचा महिना. बियाणे-खतात जे होते ते गेलेले असते, लावणीला हात हवे असतात. माझ्याकडे जुन्या पुस्तकांचा एक कप्पा आहे. गेल्या वर्षीच्या मुलांकडून घ्यायची आणि नवीन मुलांना अर्ध्या किमतीत द्यायची. जून-जुलैत त्या कप्प्यापाशी उभी राहून आई विचारते, ‘सगळी नको, गणित आणि विज्ञान तेवढं द्या. बाकीची दिवाळीनंतर बघू.’ दिवाळीनंतर बहुतेक वेळा मूलच येत नाही.

दिवाळीनंतर काय होते हे आपल्या कार्यालयाला ठाऊक नाही असे नाही. कातकरी वाड्यांवरची कुटुंबे वीटभट्टीवर जातात. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायची असते, मुकादम टेम्पो घेऊन येतो, वाडी रिकामी होते. परततात ती पावसाच्या तोंडावर. चौथी-पाचवीतले पोर भट्टीवर धाकट्या भावंडाला सांभाळते. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा मात्र पुऱ्या हाताचा कामगार असतो, त्याची उचल वेगळी. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी सरकारने शिक्षण हमी कार्ड काढले, चांगले केले, पण त्यामागचा सगळा विचार प्राथमिकच्या मुलांचा आहे. नववीच्या मुलासाठी भट्टीजवळच्या कुठल्या हायस्कुलाने जागा धरून ठेवली आहे? आणि दहावीचे मूल तर फॉर्म भरलेल्या शाळेलाच बांधलेले. भट्टीशेजारी भोंग्यात, म्हणजे कामगारांच्या झोपडीत, राहून त्याने भिवंडीतल्या एखाद्या शाळेत वर्ग केले, तरी अंतर्गत गुण, प्रात्यक्षिक, हॉल तिकीट सगळे शंभर मैल लांब असल्यासारखेच.

पालघर वेगळा जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. त्याच्या कितीतरी आधी, याच ठाणे जिल्ह्यात, कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालवली होती. गुरे राखणारी पोरे शाळेत येत नाहीत तर शाळा कुरणात गेली. म्हणजे शाळा मुलापाठी नेण्याची गोष्ट या जिल्ह्याला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही.

आता निकालाकडे येतो. शंभर टक्के कसे लागतात त्याची एक वाट माझ्या दुकानातून जाते. तिचे नाव सतरा नंबरचा फॉर्म. शाळा सोडलेल्याला बाहेरून दहावी देता यावी म्हणून ही सोय आहे, आणि नोकरी-मजुरी करणाऱ्या कितीतरी जणांना तिचा खरा उपयोग झाला आहे. पण सोयीची पळवाट व्हायला वेळ लागत नाही. नववीत गणितात गचकलेल्या मुलाच्या बापाला बोलावून सांगितले जाते, ‘दाखला काढा आणि सतरा नंबरने बसवा, पोराचं वर्ष वाचेल.’ बाप माझ्याकडे येतो. त्याला वाटते शाळेने सवलत दिली. मुलाचा त्या दिवसापासून शाळेशी संबंध संपतो, निकालाच्या छेदातूनही ते जाते. मी शाळेचे नाव घेत नाही, कारण ही एका शाळेची गोष्ट नाही आणि मला कुणाच्या नोकरीवर गदा आणायची नाही.

दुसरी वाट प्रयोगवहीची. विज्ञानाच्या वह्या घेऊन मुले झेरॉक्सला येतात. मागच्या वर्षीच्या ताईची वही, तिची पाने माझ्या मशीनवर, मग ती घरी बसून नव्या वहीत उतरवायची. बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर सगळ्या वर्गाचे सारखे येते, दशांश चिन्हासकट. एका मुलाला विचारले, भिंग कसे असते रे? म्हणाला, ‘कपाटात आहे, चावी सरांकडे असायची.’ ते सर निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी कुणी आलेले नव्हते, आणि विज्ञान मराठीच्या बाईंकडे होते. बाईंना बोल लावायचा नाही. त्या आपले सगळे तास घेऊन वर हे करतात, आणि मनापासून करतात. पण वीस गुण शाळेच्या हातात, ऐंशी लेखीचे, आणि दोन्ही मिळून पस्तीसला पास. वीसमधले वीस शाळेकडून आले की लेखीत किती लागतात, हे सांगायला गणिताच्या सरांची गरज नाही. असा पास झालेला मुलगा अकरावी सायन्सला जातो आणि पहिल्या चाचणीला घरी बसतो.

सर का नाहीत? याचे उत्तर आपल्या कार्यालयातल्या संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे दर वर्षी ठरवण्याच्या, फाइलीत आहे. पद मंजूर होते पटावर. मे २०१२ मध्ये भरतीवर बंदी आली, मग शिक्षकभरतीचे पवित्र पोर्टल आले, मग एकेक टप्पा, एकेक न्यायालयीन तारीख. जो येतो तो आधी शिक्षणसेवक. माध्यमिकला त्याचे मानधन १८ हजार, तेही २०२३ मध्ये वाढवल्यावर. त्याआधी ८ हजार होते. त्यात १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने निकष आणखी आवळले. पट विसाच्या खाली गेला की पदेच धोक्यात. कल्याण-डोंबिवलीच्या शाळेला पट वीस होणे म्हणजे काय हे कळायचे नाही. तिथे एका तुकडीत साठ मुले कोंबलेली. डोळखांब, टोकावडे, शिरोशीच्या डोंगराकडच्या बाजूला मात्र दहा पाडे मिळून एक हायस्कूल, आणि नववीचा वर्ग अठरा-वीस मुलांचाच असणार. तेवढीच मुले आहेत. पट कमी म्हणून सर काढले, सर नाहीत म्हणून ज्यांना परवडते ते आपली मुले मुरबाड-शहापूरला नाहीतर बदलापूरच्या क्लासला पाठवतात, पट आणखी उतरतो. पुढच्या सप्टेंबरला पुन्हा संचमान्यता.

वर आधारची भानगड. आधार जुळले नाही तर मूल बाकावर बसलेले असून मोजणीत नाही. वाडीवरच्या मुलांच्या कागदांत रजिस्टरला एक नाव, आधारवर दुसरे, आणि जन्मतारीख निम्म्या वर्गाची १ जून. शिवाय पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात, ते वय नेमके नववी-दहावीचे. आधारचे मशीन माझ्याकडे नाही, तालुक्याला पाठवावे लागते. जाऊन-येऊन बापाची एक हजेरी बुडते, कधी तिथे लाइट नसते, कधी सर्व्हर. मी हेडक्लार्कला स्वतःच्या मोटरसायकलवर दोन-दोन पोरांना बसवून नेताना पाहिले आहे. मुले मोजली गेली नाहीत तर पद जाणार, पद गेले तर त्याचाच सहकारी अतिरिक्त ठरणार.

पैशाचे सांगतो. आपल्या कोकणपट्टीत हायस्कूल म्हणजे बहुतेक ठिकाणी संस्थेचे. विदर्भ-मराठवाड्यासारखी जिल्हा परिषदेची हायस्कुले इकडे फारशी नाहीत. अनुदानित शाळेचा पगार सरकार देते. पगाराव्यतिरिक्तचा खर्च म्हणजे वेतनेतर अनुदान, आणि ते कधी येईल, किती कापून येईल हे मुख्याध्यापकालाही माहीत नसते. वीजबिल, खडू, पत्रे, प्रयोगशाळेतली रसायने, मुलींच्या संडासाचे दार, सगळे त्यात. ‘कायम विनाअनुदानित’ म्हणून सुरू झालेल्या शाळांची कथा वेगळीच. त्यातला ‘कायम’ शब्द २००९ मध्ये निघाला आणि वीस-वीस टक्के अनुदानाचे टप्पे मोजता मोजता तिथले शिक्षक आझाद मैदानावर म्हातारे झाले.

शिपायाचे पद घ्या. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांतली चतुर्थ श्रेणीची पदे पुढे भरायची नाहीत आणि त्याऐवजी महिन्याला शिपाई भत्ता द्यायचा असे ठरले. मुंबई-पुण्याला १० हजार, इतर महापालिकांना साडेसात हजार, आणि ग्रामीण भागाला ५ हजार. म्हणजे ठाण्यातल्या शाळेच्या शिपायापेक्षा आमच्या शाळेचा शिपाई अडीच हजारांनी स्वस्त. शहरातली शाळा दोन मजल्यांची असेल, पण नळाला पाणी येते. आमच्या शिपायाला बोअरचा हातपंप मारायचा, पटांगणातले गवत काढायचे, पावसाळ्यात साप निघाला तर तोही बघायचा, आणि घंटा आहेच. पाच हजारांत कोण टिकेल? मग नववीतली मुले वर्ग झाडतात. श्रमदान म्हणून ठीक, पण तासाच्या वेळेला नव्हे.

याच जिल्ह्यात नवी मुंबई महापालिका स्वतःच्या माध्यमिक शाळा चालवते. दिघा-ऐरोलीच्या झोपडपट्टीतल्या मुलाला आठवीनंतर पालिकेचे हायस्कूल मिळते, आणि मिळायलाच हवे. पण माळशेजच्या पायथ्याच्या मुलाचा जिल्हा तोच, पालकमंत्रीही तेच, वाशीचे मंडळही तेच. प्रश्नपत्रिकासुद्धा तीच.

यावर आपले उत्तर मला पाठ आहे. माध्यमिक शाळा खासगी संस्थांच्या, त्यांच्यावर जिल्हा परिषदेला खर्च करता येत नाही. बरे, मान्य. संस्थाचालक काही धुतल्या तांदळासारखे नाहीत, नेमणुकीच्या वेळी काय काय चालते हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे, आणि संस्थेच्या खात्यात पैसे टाका असे मी म्हणतही नाही. मुलाला द्या. पुस्तके मुलाची असतात, एसटीतली जागा मुलाची असते, दुपारची खिचडी मुलाच्या पोटात जाते. आपल्या आठवीपर्यंतच्या ज्या शाळा मोठ्या गावांत आहेत, जिथे जवळपास हायस्कूल नाही, तिथे नववी-दहावी जोडायची मागणी गावे करतात, त्या शाळा तरी तुमच्याच आहेत.

पैसा कुठून, हाही प्रश्न येईल. ग्रामीण भागात जमिनीचा, गाळ्याचा, बंगल्याचा दस्त नोंदला की मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का अधिभार जिल्हा परिषदेच्या नावाने वसूल होतो. त्यातला अर्धा ग्रामपंचायतीला, अर्धा जिल्हा परिषदेला. मी दस्तांच्याही झेरॉक्स काढतो, त्यामुळे कोण काय घेते आहे ते दिसते. भिवंडीत काल्हेर-माणकोलीच्या बाजूला गोदामांची रांग संपत नाही. कल्याण-अंबरनाथच्या वेशीवर टॉवर उभे राहतात, मुरबाड-शहापुरात फार्महाऊसचे प्लॉट पडतात. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, तेव्हापासून शहापूरच्या रस्त्यालगतच्या जमिनीला पंख फुटले आहेत. ग्रामपंचायतीचा अर्धा हिस्सा जिथे दस्त तिथेच जातो. काल्हेरच्या दस्ताचा पैसा डोळखांबच्या ग्रामपंचायतीला मिळणार नाही. पण जिल्हा परिषदेच्या अर्ध्यावर कुठल्या गावाचे नाव लिहिलेले नाही. जिथून शहर जमीन घेत आहे त्या तालुक्यांतल्या मुलांना त्यातून नववीची पुस्तके घेऊन देणे ही काही उधळपट्टी होणार नाही.

मोठ्या कंपन्यांच्या सीएसआरचे, म्हणजे समाजकार्यासाठीच्या निधीचे, सांगायचे तर २०१३ च्या कायद्याने त्यांना नफ्याचे दोन टक्के द्यावे लागतात आणि त्या देतातही, मात्र हायवेलगतच्या शाळेला, आणि बहुतेक वेळा टीव्ही. टीव्ही लावायला वीजबिल भरलेले लागते हे कुणी विचारत नाही. यात फार लिहिण्यासारखे नाही.

एसटीबद्दल मात्र लिहायला हवे. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून पास फुकट आहे, त्यासाठीचे बोनाफाईड मीच छापतो. पण पास असून काय, सकाळची गाडी शाळा भरल्यावर येते आणि संध्याकाळची शाळा सुटायच्या आधी जाते. राहिलेल्या मुली टमटम नाहीतर इको भाड्याने करून जातात, आणि पावसाळ्यात अंधार लवकर पडायला लागला की आधी एकेक दिवस, मग आठवडा दांडी पडते. घरचे म्हणतात, बघू, स्थळ आले आहे. मुरबाड आणि शहापूर, दोन्ही आगारांना शाळांच्या वेळा एका कागदावर लिहून देऊन बैठक लावणे, याला निधी लागत नाही. आपल्या सहीचे एक पत्र लागते.

डिसेंबर २०१७ मध्ये निवडून आलेल्या सदस्यांची मुदत संपल्यावर जिल्हा परिषदेचा कारभार प्रशासकाकडे गेला. शिक्षण समितीच्या सभेत टेबलावर हात आपटून ‘आमच्या गटातल्या शाळेला विज्ञानाचे सर का नाहीत’ म्हणणारा माणूस तेव्हापासून नाहीसा झाला. म्हणून हे पत्र उघडे लिहावे लागते. नाहीतर आमच्या गटाच्या सदस्याला चहा पाजून काम झाले असते.

माझी पहिली मागणी पैशाची नाहीच, एका तक्त्याची आहे. ग्रामीण पाचही तालुक्यांतल्या प्रत्येक हायस्कुलासाठी, आणि त्याला मुले पुरवणाऱ्या जिल्हा परिषद शाळांसाठी, दोन वर्षांपूर्वीचा आठवीचा पट, त्यातली नववीत दाखल झालेली मुले, दहावीचा फॉर्म भरलेली, सतरा नंबरने गेलेली, प्रत्यक्ष बसलेली आणि पास झालेली. मुली वेगळ्या, आदिवासी मुले वेगळी. शेवटच्या रकान्यात गणित आणि विज्ञानाचे मंजूर शिक्षक किती आणि हजर किती. यासाठी नवा सर्व्हे नको. सरल आणि यूडायस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदींमध्ये प्रत्येक मुलाला क्रमांक आहे, त्याचा माग आपल्या संगणकावर बसून काढता येतो. शहापूरच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे आश्रमशाळांची यादी आहे, ती शेजारी ठेवली की आश्रमशाळेत गेलेली मुले गळतीत धरली जाणार नाहीत. हा तक्ता दर वर्षी निकालाच्याच दिवशी पंचायत समितीच्या फलकावर लावावा.

तो तक्ता लागला की पुढचे वाद आपोआप नीट होतील. कुठल्या हायस्कुलाला पट कमी असूनही विषयशिक्षक द्यायलाच हवा, हे राज्याकडे मांडायला आपल्याकडे आकडे असतील. तोवर शेजारच्या दोन-तीन हायस्कुलांत मिळून गणित-विज्ञानाचा एक शिक्षक तासिका तत्त्वावर फिरता ठेवता येतो का, त्याचा प्रवासखर्च सेसमधून, म्हणजे जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून, देता येतो का, हे लेखा विभागाला विचारावे. नववी-दहावीच्या पुस्तकांची तरतूद मार्चच्या अर्थसंकल्पात करावी, म्हणजे जूनमध्ये पुस्तक हातात पडेल. ऑगस्टमध्ये मंजुरी आणि डिसेंबरमध्ये वाटप असे झाले तर ज्यांच्यासाठी आणली ती पोरे भट्टीवर असतील.

आमच्या बीटचे केंद्रप्रमुख महिन्याच्या शेवटी प्रपत्रांचा गठ्ठा घेऊन माझ्या दुकानात येतात. तक्त्याचा नमुना त्यांच्या हाती पाठवावा. झेरॉक्सचे पैसे मी घेणार नाही, प्रत्येक शाळेला दोन प्रती, एक त्यांची आणि एक परत पाठवायची.

आपला,
मुरबाड तालुक्यातील एक झेरॉक्सवाला